गुप्त मंडळ काढायचंय? या, बसा

सोलापुरात गुप्त मंडळ काढायचं मनात असेल तर आधी एक करा: ते लपवायचा नाद सोडा. नव्या पेठेत शिंकलात तर सात रस्त्यावर तब्येतीची चौकशी होते. हुरड्याचा बेत शेतमालकाच्या आधी गावाला कळतो. तिथं मंडळ काय लपणार? आणि गरजही नाही. फ्रीमेसन म्हणजे गुप्त विधींसाठी गाजलेलं जुनं बंधुमंडळ; त्यांनी १७१७ साली लंडनमध्ये आपली मध्यवर्ती संस्था थाटली आणि १७२३ साली नियमावली चक्क छापून काढली. मंडळ आहे हे जगाला ठाऊक हवं, आत काय चालतं ते नको. बाकी सामान ठरलेलं: प्रवेशाचा विधी, तोंड न उघडण्याची शपथ, ओळखीच्या खुणा आणि आतल्या माणसांतही पायऱ्या. ‘आम्ही गुप्त संस्था नाही, आमची काही गुपितं आहेत इतकंच,’ असं मेसन मंडळी सांगतात. हे वाक्य पाठ करा, घरीही उपयोगी पडेल.

पायऱ्या मात्र इथल्या ठेवा. मेसनांच्या पहिल्या तीन पायऱ्या गवंडीकामातून उचललेल्या: उमेदवार, कारागीर, उस्ताद. आपण गिरणगावचे; आपल्याकडे बदली कामगार, साचा चालवणारा साचेवाला, त्यांच्यावरचा जॉबर. गुपित काय असावं, याची घाई नको. शेंगाचटणीत लसूण किती, एवढंही पुरतं.

खरी मेहनत पुढं आहे. कुणीतरी धर्माधिकारी चिडला पाहिजे. १७३८ साली पोप बारावे क्लेमेंट मेसनांवर चिडले. कुठल्याही पंथाची माणसं एकत्र बसतात, वर गुप्ततेच्या शपथा घेतात. वाईट करत नसते तर उजेडाचा एवढा तिटकारा कशाला, असा त्यांचा सवाल. मेसन होणाऱ्या कॅथलिकाला त्यांनी थेट बहिष्कृत ठरवलं. १८८४ साली पोप तेरावे लिओ पुन्हा कडाडले. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या नव्या धर्मसंहितेत मेसनांचं नाव गाळलं, तशी मंडळी हुरळली; त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हॅटिकननं खुलासा केला की मनाई कायम आहे. नवा पोप निवडताना कार्डिनल, म्हणजे चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू, दारं लावून, गुप्ततेची शपथ घेऊन बसतात. पण ती परंपरा. दोन्हींची गल्लत करू नका, पाप लागेल.

बंदीचा फायदा पाहा. जर्मनीतल्या बव्हेरियातले इल्युमिनाटी, असंच एक गुप्त मंडळ, १७७६ साली निघाले, १७८५ पर्यंत सरकारी बंदीनं आटोपलेही. इनमीन नऊ वर्षं! पण तुमच्या मामांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ते आजही जग चालवतात.

आपली अडचण इथंच आहे. आपल्याकडे गुरू कानातच मंत्र सांगतो आणि ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणतो. तो कशाला चिडेल? फार तर प्रमुख पाहुणा म्हणून येईल आणि सोलापुरी चादर खांद्यावर घेऊन जाईल.

तेव्हा माझं ऐका, नवं मंडळ काढूच नका. आमच्या सोसायटीत फ्लॅट घ्या. दारावर ठसठशीत पाटी आहे, नियम छापलेले आहेत, कमिटीच्या बैठकीत काय ठरतं ते देवालाही ठाऊक नाही. परवा मी देखभाल खर्चाचा हिशेब मागितला. सेक्रेटरींनी चष्म्यावरून पाहिलं.

“तुम्ही सभासद हाय न्हवं?”

“हो.”

“मग विश्वास ठेवा की ओ.”