फ्रँक ओ'हाराने कविता खरडल्या नाहीत

न्यूयॉर्कचा समलिंगी कवी फ्रँक ओ'हारा याची एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जातेय: म्युझियममधला कारकून, जेवणाच्या सुट्टीत कविता खरडायचा, रात्री चित्रकारांबरोबर प्यायचा, मन मारून जगला आणि चाळिशीत त्याने जीव दिला. मला ही गोष्ट वाचवत नाही.

कारकून? म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या काउंटरवर त्याने सुरुवात केली, हे खरं. पण १९५९ मध्ये चित्रकार जॅक्सन पोलॉकवर त्याचं पुस्तक आलं आणि १९६५ मध्ये त्याच म्युझियममध्ये चित्रकार रॉबर्ट मदरवेलचं मोठं प्रदर्शन त्याने उभं केलं.

'खरडायचा' हे मला सगळ्यात जास्त लागतं. 'लंच पोएम्स' या नावाने घात केला. १९६४ साली आलेल्या त्या चिमुकल्या पुस्तकात १९५३ पासूनच्या कविता आहेत. तो भराभर लिहायचा, मित्रांच्या गराड्यातही लिहायचा. कारण हात बसलेला होता. चित्रकार लॅरी रिव्हर्सबरोबर त्याने शिळाछापाची एक मालिका केली. एकाच दगडावर रिव्हर्स चित्र काढायचा आणि ओ'हारा ओळी लिहायचा. छापताना अक्षरं उलटतात, म्हणून त्याला प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं काढावं लागे. हे आळशी माणसाचं काम नव्हे. आणि चित्रकारांबरोबर नुसतं पिणंही नव्हे. प्यायचा तो भरपूर, पण सीडर टॅव्हर्न या चित्रकारांच्या अड्ड्यावरच्या, एका बारमधल्या, गप्पांतून अशी कामंही निघत होती.

मन मारून जगला म्हणणाऱ्यांनी व्हिन्सेंट वॉरन या नर्तकासाठी लिहिलेल्या कविता वाचाव्यात. काय आनंद आहे त्यांत! प्रेमकवितांची त्याची पुस्तिका १९६५ मध्ये, तो हयात असतानाच निघाली. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये समलिंगी संबंध गुन्हा होता. समलिंगींच्या हक्कांच्या चळवळीला बळ देणारा न्यूयॉर्कमधला स्टोनवॉलचा उठाव व्हायला अजून चार वर्षं होती.

राहिला मृत्यू. २४ जुलै १९६६ च्या पहाटेआधी, न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंड या बेटाच्या किनाऱ्यावर त्याची आणि मित्रांची टॅक्सी बंद पडली. सगळे उतरून वाळूत उभे होते. अंधारात दुसरी गाडी आली आणि ओ'हाराला धडकली. दुसऱ्या दिवशी इस्पितळात त्याचा मृत्यू झाला. अपघात होता तो. म्युझियममधलं काम, पुढची प्रदर्शनं, मित्र, कविता, सगळं चालू असताना झालेला.