'श्यामची आई' सहावी का? राजापूरकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

राजापूरकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आणि तिखट आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 2023 च्या मराठी चित्रपटांची माझी क्रमवारी तुम्हाला चार कारणांनी पटलेली नाही. 'श्यामची आई'ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तरी कोकणातला माणूस असून मी तिला सहाव्या पाटावर बसवली, हे पहिलं. बायकांनी भर पावसात थिएटर भरून टाकलेला 'बाईपण भारी देवा' पाचवा आणि राजापुरात कुणी पाहिला नाही तो 'आत्मपॅम्फ्लेट' दुसरा, हे दुसरं. पहिला ठेवलेला 'वाळवी' पुरस्काराच्या हिशेबाने 2022 चा, म्हणजे मला वर्षही धड कळत नाही, हे तिसरं. आणि हर्णैच्या किनाऱ्यावरचा 'उनाड' यादीत औषधालाही नाही, हे चौथं. वर टोला असा, की "क्रमांक लावणं म्हणजे बाजारात पापलेटचे वाटे लावण्यासारखं आहे, वर मोठे दोन ठेवायचे आणि खाली बारीक सरकवायचे."

वाट्याचं बरोबर आहे. म्हणूनच वाटा उलटून दाखवतो. सुरुवात तिसऱ्या मुद्द्यापासून, कारण तिथे निव्वळ तारखांचा घोटाळा आहे.

राष्ट्रीय पुरस्काराचं वर्ष धरतात सेन्सॉर प्रमाणपत्राच्या तारखेवरून. चित्रपट थिएटरला कधी लागला याच्याशी त्याचा संबंध नाही. 'वाळवी' लागला 13 जानेवारी 2023 ला, पण प्रमाणपत्र आदल्या वर्षातलं. म्हणून 2022 साठीच्या 70व्या पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी ठरला. 'श्यामची आई' 2023 साठीच्या 71व्या पुरस्कारांत आली. म्हणजे परीक्षकांनी या दोघांना एकमेकांसमोर उभं केलंच नव्हतं. 'श्यामची आई' 'वाळवी'पेक्षा वरचढ ठरली असा निकाल त्यातून निघत नाही, आणि उलटाही निघत नाही. माझी यादी थिएटरच्या तारखेवर चालते: 1 जानेवारी ते 31 डिसेंबर. त्याच नियमाने 'वेड' बाहेर राहिला. तो 30 डिसेंबर 2022 चा, आणि त्याची बहुतेक कमाई जानेवारीतली. तिथे तुम्ही हरकत घेतली नाहीत. नियम एकाला लावायचा आणि दुसऱ्याला नाही, असं चालत नाही.

हाच नियम 'उनाड'ला आडवा आला. तो जुलै 2023 मध्ये थेट जिओ सिनेमावर आला, थिएटरला लागला नाही. मोबाइलवर थांबत थांबत, मध्ये चहा घेऊन पाहिलेला चित्रपट आणि अंधारात एका दमात पाहिलेला चित्रपट यांचे गुण एका ताटात वाढता येत नाहीत. थेट ओटीटीवर आलेल्यांची यादी वेगळी आहे, 'उनाड' तिथे आहे. ती यादी तळाशी बारीक अक्षरात दिली होती, ही चूक माझी. आता ती वर घेतली आहे.

आता गुणांची पद्धत. शंभर गुण: पटकथा 30, दिग्दर्शन 20, अभिनय 20, छायाचित्रण 10, ध्वनी आणि संगीत 10, संकलन 10. पटकथेला सर्वांत जास्त, कारण मराठीत पैसे कमी पडले की बाकी सगळं थोडंफार भागवून नेता येतं, पटकथा नाही. गुण चित्रपट पाहिला त्याच रात्री लिहायचे आणि मग तीन आठवडे बघायचे नाहीत. हे केलं नाही, तर वर्षअखेरीस बसून यादी करताना नोव्हेंबर-डिसेंबरचे चित्रपट आपोआप वर चढतात आणि जानेवारीतले विसरतात. वर्षअखेरीच्या बहुतेक याद्या इथेच गंडतात.

पण नुसत्या बेरजेवर क्रमांक लावला तर फसवणूक होते. 67 आणि 66 यांत खरं तर काही अंतर नसतं, तो त्या रात्रीच्या झोपेचा फरक असतो. म्हणून तीन गुणांच्या आत आलेल्यांच्या जोड्या लावायच्या आणि दोघांतला एक उचलायचा. दहाच्या दहा चित्रपटांच्या जोड्या लावायला गेलात तर 45 होतात, कुणाला एवढा वेळ नाही. गुणांमुळे त्या सात-आठावर येतात. जोड्यांत एक खोडी निघते: 'नाळ 2' हा 'घर बंदूक बिर्याणी'ला हरवतो, 'घर बंदूक' 'बाईपण'ला हरवतो, आणि 'बाईपण' परत 'नाळ 2' ला हरवतो. असा गोल फिरला, की समजायचं आपण प्रत्येक वेळी वेगळ्या गोष्टीवरून निकाल देतोय. एकदा हसू, एकदा मुलांचं काम, एकदा गाणी. तेव्हा तिन्ही जोड्या फक्त पटकथेवर लावायच्या. गोल सुटतो.

'श्यामची आई'. पुस्तकात 42 रात्री आहेत. संध्याकाळी श्याम आठवण सांगतो, ती आठवण त्याच रात्री पुरी होते आणि मंडळी उठतात. वाचताना हे गोड लागतं, कारण मध्ये पुस्तक मिटता येतं. पडद्यावर मिटता येत नाही. प्रत्येक प्रसंगाला स्वतःचा शेवट असला की दर दहा-पंधरा मिनिटांनी चित्रपट संपतो आणि पुन्हा सुरू होतो. डोळे पुसायचे, पुढचा प्रसंग, पुन्हा पुसायचे. चौथ्या वेळेला डोळे कोरडे राहतात, आणि यात आईचा काही दोष नाही. दिग्दर्शक सुजय डहाकेंनी गुरुजींचा पुढचा काळ जोडून या प्रसंगांना धागा द्यायचा प्रयत्न केला आहे. धागा दिसतो, पण माळ घट्ट बसत नाही. म्हणून पटकथेला 30 पैकी 17. अत्र्यांच्या 1953 च्या चित्रपटाला पहिलं सुवर्णपदक मिळालं म्हणून नव्याला आपोआप वाढीव गुण देता येत नाहीत, आणि कमीही करता येत नाहीत.

राहिला कोकणाचा प्रश्न. साने गुरुजी पालगडचे, दापोली तालुक्यातले, हे मान्य. पण आपल्या मातीतला चित्रपट म्हणून गुण वाढवायचे ठरवलं, तर तोच नियम 'सुभेदार'लाही लागेल. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ पोलादपूर तालुक्यात, म्हणजे तेही कोकणच. मग तो दहावा का, असं उद्या पोलादपूरकर विचारतील. कोकणाबद्दल एकच गोष्ट मी तपासतो: बोली. दापोली-मंडणगडला बाणकोटी, रत्नागिरी-संगमेश्वराकडे संगमेश्वरी, खाली मालवणी. पडद्यावर मात्र नारळ दिसला की सगळे मालवणीत बोलायला लागतात आणि वाक्याच्या शेवटी गाऱ्हाण्यासारखा हेल काढतात. पालगडच्या पडत्या काळातल्या खोताच्या घरातली भाषा याहून अगदी निराळी. या चित्रपटाने तिथे मालवणीचा तडका मारला नाही, याचे गुण दिले आहेत.

एका ठिकाणी मात्र तुमच्या रागाला आधार आहे, आणि तो तुम्ही स्वतः मांडलेला नाही. हा चित्रपट कृष्णधवल आहे. रंगीत चित्रपटात पडदा अंधूक असला तरी लाल साडी लालच दिसते, डोळा चालवून घेतो. कृष्णधवलमध्ये सगळा खेळ करड्याच्या छटांचा. प्रकाश उतरला की काळे केस आणि मागची काळवंडलेली भिंत एक होतात, चुलीपुढचा चेहरा मातकट दिसतो, आणि लोक म्हणतात 'फोटोग्राफी सपाट आहे'. डिजिटल सिनेमाच्या मापाप्रमाणे पडद्याच्या मध्यावर 14 फूट-लॅम्बर्ट (पडद्याच्या उजळपणाचं एकक) उजेड हवा. प्रोजेक्टरच्या झेनॉन लॅम्पचे तास भरत आले की तो निम्म्यावर येऊ शकतो. लॅम्प महाग, म्हणून छोट्या गावात तो शेवटपर्यंत वापरतात. थ्रीडीच्या काळात लावलेला चंदेरी पडदा तसाच राहिला असेल तर मध्यभाग झळकतो आणि कडा काळवंडतात. त्यात आपली दमट हवा: प्रोजेक्शन रूमच्या काचेवर तेलकट थर धरतो, पडद्यावर बुरशीचे डाग पडतात. काच मऊ फडक्याने पुसणं ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती, आणि तीच होत नाही.

तुम्हीही तपासू शकता. जाहिरातींत किंवा सुरुवातीच्या पाट्यांत पडदा पांढरा होतो, त्या क्षणी मध्य आणि चारही कोपरे बघा. कोपरे मळकट दिसले, तर त्या खेळावरून छायाचित्रणावर मत देऊ नका. मी नेमकं तेच केलं होतं. छायाचित्रणाला 10 पैकी दिलेले 6 अशाच मळकट पडद्यावरून दिलेले होते. नीट उजेडात पुन्हा पाहून ते 8 केले आहेत. एकूण 66 चे 68 झाले. 'बाईपण'चे 67 आहेत.

आता जोडी लावावी लागणार. 'बाईपण भारी देवा' हा त्या वर्षी मराठीतला सर्वांत मोठा गल्ला गोळा करणारा चित्रपट, आणि 30 जूनला, ऐन लावणीच्या तोंडावर लागूनही आपल्याकडच्या बायका गटागटाने गेल्या, यात वाद नाही. त्यातून प्रेक्षकांबद्दल मोठी गोष्ट कळते: बायकांना एकत्र बाहेर पडायला निमित्त हवं होतं आणि मराठी चित्रपट ते देत नव्हता. पण तिकिटं मोजायची तर गुण कशाला, सरळ तिकिटंच मोजू. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने आणि बाकी तिघी, या सहा जणींच्या अभिनयाला 20 पैकी 17 आहेत. या यादीत एवढे दुसऱ्या कुणाला नाहीत. अडचण वाटणीची. सहा बहिणी, सहा दुखणी, वर मंगळागौरीची स्पर्धा. गाणी वजा केली तर एकेकीच्या वाट्याला पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात दुखणं सांगून होतं, सोसून होत नाही. ते एका संवादात सुटतं आणि शिट्ट्या पडतात.

जाता जाता आवाजाचं सांगतो, कारण 'बाईपण'मधले संवाद ऐकू आले नाहीत असंही काहींनी लिहिलं होतं. थिएटरच्या साउंड प्रोसेसरवर 7 हा प्रमाण आकडा असतो, मिश्रण करणाऱ्याने तिथेच ऐकून चित्रपट तयार केलेला असतो. कर्कश वाटतं म्हणून बऱ्याच ठिकाणी तो 5 वर ठेवतात. एका आकड्याला साधारण सव्वातीन डेसिबल, म्हणजे साडेसहा डेसिबल तिथेच गेले. वर पत्रा आणि जुलैचा पाऊस. कुजबुज ऐकू येणार कशी? मध्यंतरात ऑपरेटरला सांगून एक आकडा वाढवून घ्या, बहुतेक जण ऐकतात.

तर जोडीत, केवळ पटकथेवर, 'बाईपण' थोडा पुढे. धागा साधा आहे, पण तो तुटत नाही. दिग्दर्शन आणि छायाचित्रणावर 'श्यामची आई' बरीच पुढे. बेरीजही तिच्याच बाजूला. म्हणून 'श्यामची आई' आता पाचवी आणि 'बाईपण' सहावा. तुमची पहिली तक्रार अर्धी मिटली, दुसरी दीडपट झाली. इलाज नाही.

'आत्मपॅम्फ्लेट' राजापुरात लागलाच नाही, तर त्याचा दुसरा क्रमांक तुम्हाला खोटा वाटणं साहजिक आहे. पण न लागणं हा वितरणाचा गुण-दोष, चित्रपटाचा नव्हे. फेब्रुवारी 2023 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेलेला हा चित्रपट आपल्याकडे 6 ऑक्टोबरला आला. पुरस्कारांचाच दाखला हवा असेल तर 71व्या पुरस्कारांत पदार्पणाच्या दिग्दर्शनाचा पुरस्कार आशिष बेंडे यांना याच चित्रपटासाठी आहे. मला तो आवडतो तो निवेदनासाठी. एरवी निवेदन म्हणजे पडद्यावर दिसतंय तेच पुन्हा सांगणं. इथे शाळकरी पोराचं प्रेम दिसत असतं आणि निवेदन गंभीर चेहऱ्याने देशाचा इतिहास त्याला जोडत असतं. त्या दोहोंच्या फटीतून जात दिसते, आणि हसू येतं तेही तिथूनच.

'वाळवी' पहिला का, ते दोन वाक्यांत. बायकोला संपवायचं आणि ती आत्महत्या वाटावी, हा बेत सुरुवातीलाच आपल्याला सांगून टाकतात, त्यामुळे 'कोणी केलं' हा प्रश्नच उरत नाही, दर प्रसंगाला बेत कुठे चुकतोय तेवढंच बघायचं. मोजकी माणसं, दोन तासांच्या आतला खेळ, आणि एकही वस्तू नुसती शोभेला ठेवलेली नाही.

'श्यामची आई' आणि 'नाळ 2' दोन्ही एकाच दिवशी लागले, 10 नोव्हेंबर 2023 ला. 12 तारखेला 'टायगर 3'. 15 ला भाऊबीज आणि त्याच दिवशी वानखेडेवर क्रिकेट विश्वचषकातली भारताची उपांत्य लढत. 19 ला अंतिम सामना. 24 ला 'झिम्मा 2'. एक-दोन पडद्यांच्या गावात दोन मराठी चित्रपटांना धड दोन दिवस मिळाले, तेही फराळाच्या घाईचे. 'श्यामची आई' कोकणात चालली नाही म्हणून कोकणी माणसाला दोष देणाऱ्यांनी हे कॅलेंडर समोर ठेवावं.

दुरुस्त यादी वर टाकली आहे. जुने क्रमांक खोडून शेजारीच ठेवलेत, पुसलेले नाहीत. 'टीडीएम' आणि 'महाराष्ट्र शाहीर' यांच्याबद्दल तुम्ही काहीच म्हटलेलं नाही. तिथे पटलं असं धरू का?