हप्त्याला कुणी पेढे वाटत नाही

कर्ज मंजूर झालं की माणसं पेढे वाटतात. सिद्धेश्वराला नारळ फुटतो, दोन्ही जामीनदारांना भजी-चहा होतो, गल्लीतला एखादा तरी खांद्यावर हात टाकून म्हणतो, "काय मालक, झालं म्हणे तुमचं काम!" मग तोच माणूस पुढची पाच वर्षं दर महिन्याला न चुकता हप्ता भरतो. त्या पाच वर्षांत एक तरी शेजारी दारात येऊन म्हणतो का, "मालक, या महिन्याचाही गेला वाटतं! अभिनंदन!" शक्यच नाही. पैशाचं एक वेळ भागतं. पाच तारखेला बँक खात्यात हात घालून आपलं आपण घेते, आपल्याला काही करावंच लागत नाही. पाच वर्षं टिकवायचा असतो तो उत्साह, आणि तो कुठल्याच बँकेत मिळत नाही.

आमच्या कर्जाचं मूळ पाण्यात आहे. म्हणजे पाणी नसण्यात. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे घरात बोअर असावा हे आईचं जुनं स्वप्न. पाणाड्या आला. त्याने तळहातावर नारळ आडवा ठेवला, अंगणभर फिरला आणि तुळशीपाशी नारळ ताडकन उभा राहिला. नारळ उभा राहिला म्हणून आम्हीही उभे राहिलो. बँकेतून 3 लाखांचं पर्सनल लोन काढलं, त्यात बोअर आणि गळणारा स्लॅब अशी दोन्ही कामं बसवली. यंत्राने साडेतीनशे फूट काळा पाषाण फोडला आणि सगळ्या गल्लीवर धूळ उडवली. धुणी वाळत घातलेल्या बायकांनी जे काही म्हटलं तेवढाच काय तो ओलावा. नारळ नंतर आम्ही फोडला, त्यात पाणी होतं.

तर आज मी जमिनीतल्या एका भोकाचे हप्ते भरतो. 14 टक्के व्याज, 60 हप्ते, हप्ता 6,980 रुपये. बँकेने एक तक्ता दिलाय, कुठल्या हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती ते सांगणारा. रक्तदाबाचा त्रास असेल त्याने तो रात्री वाचू नये. पहिल्याच ओळीत व्याज 3,500 आणि मुद्दल 3,480. वर्षभरात आपण 83,760 रुपये मोजतो आणि मुद्दल हलतं साडेचव्वेचाळीस हजारांनी. बाकीचे पैसे कुठे गेले हे विचारायचं नसतं. ते बोअरमध्ये गेले असं मी समजतो.

याखेरीज किराणा दुकानाची उधारी होती, क्रेडिट कार्डावर 40 हजार होते आणि मेव्हण्याकडून घेतलेले 50 हजार होते. कार्डाची थकबाकी मुख्यतः बोअरच्या मोटरची. मोटर बोअरच्या आधी घरात आली, कारण कार्डावर सूट होती. ती अजून खोक्यातच आहे. आई त्या खोक्यावर लोणच्याची बरणी ठेवते.

आधी काय फेडायचं यावर शास्त्रात दोन पंथ आहेत. एक म्हणतो, सगळ्यांत लहान कर्ज आधी संपवा, एक खातं बंद झालं की हुरूप येतो. दुसरा म्हणतो, हुरूप गेला खड्ड्यात, सगळ्यांत महाग व्याज आधी मारा. हिशेबात दुसरा बरोबर आहे. कार्डवाला "फक्त साडेतीन टक्के" म्हणतो ते महिन्याला असतं, वर्षाला 42 होतात. 40 हजारांवर महिन्याचं व्याज 1,400 रुपये आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी म्हणजे वर 252. बिलावर 'किमान देय रक्कम' असा एक गोड शब्द छापलेला असतो. तेवढीच भरत राहिलं तर नवीन खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं आणि कर्ज नातवाच्या मुंजीपर्यंत पुरतं.

पण आमच्या अर्थखात्याने, म्हणजे बायकोने, आधी पहिला पंथ स्वीकारला. "अहो, एक तरी संपू द्या. मला काहीतरी संपलेलं बघायचंय." म्हणून किराण्याची उधारी चुकती केली. हुरूप यायचा तो आला, पण दुकानदार दुखावला. वही मिटत म्हणाला, "काय मालक, काही चुकलं का आमचं? खातं बंद करालाव?" इतकी वर्षं उधारी ठेवणारं गिऱ्हाईक असं अचानक पैसे देतंय म्हणजे ते दुसरीकडे निघालंय, अशी त्याची खात्री झाली. त्याचं मन राखायला मी एक किलो शेंगदाणे उधार घेतले. बायकोला सांगितलं नाही.

मग कार्ड. ते बायकोने कात्रीने कापलं आणि तुकडे देवघरातल्या डबीत ठेवले. त्याचं तिथे काय काम, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मेव्हण्याच्या पैशांना मात्र कुठलाच पंथ लागू पडत नाही. त्याला व्याज नाही. तो माणूस सज्जन आहे, पैसे कधी मागत नाही. तो फक्त म्हणतो, "दाजी, पैशाची अजिबात घाई नाही बरं का." बारशात म्हणतो, तेराव्याला म्हणतो, जेवणाच्या पंगतीत पलीकडच्या टोकाहून म्हणतो, की ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळावं. कर्जवसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेव्हण्यांना लागू नाही. रात्री दहाला फोन येतो. "सहजच केला. नाही, नाही, त्याची काही घाई नाही."

राहिला बँकेचा हप्ता. त्याला हुरूप कुठून आणायचा? मुलीने कुठेतरी वाचलं होतं की भिंतीवर चौकोन काढायचे आणि हप्ता गेला की एक रंगवायचा. तिने कार्डशीटवर सहा बाय दहाचे 60 चौकोन आखले. नुसते चौकोन कंटाळवाणे म्हणून त्यात मोर बसवला, चादरीवर असतो तसा. साठ चौकोनांत मोर बसवायचा म्हणजे मोरालाही काटकसर करावी लागते. वर्षभर तो कोंबडाच दिसत होता.

शेजारचे अण्णा पूर्व भागातल्या एका चादर कारखान्यातून निवृत्त झालेले. जन्मभर ग्राफपेपरवर चादरींची डिझाईनं काढली. साखर मागायला आले आणि भिंतीपुढे थबकले. मला वाटलं, आता विचारतील, कर्ज किती, व्याज किती. ते चष्मा वर सरकवून म्हणाले, "सर, मोराची मान चुकली. एक घर डावीकडे घ्या. अशी मान मागावर चढवली तर सगळी चादर वाकडी येईल." मी सांगितलं की ही चादर नाही, हे कर्ज आहे. "असू द्या की. मान मानेसारखी नको का?"

तेव्हापासून अण्णा दर महिन्याच्या सहा तारखेला येतात. हप्ता गेला का, हे ते कधीच विचारत नाहीत. "आज कुठलं घर भरलं?" एवढंच विचारतात. खरं सांगतो, रिझर्व्ह बँक, कर्जफेडीचे गुण देणारं सिबिल आणि बायको या तिघांना मिळून जे जमलं नाही ते त्या म्हाताऱ्याने केलं. एका महिन्यात पगार लांबला. हप्ता चुकला तर दंड पडेल, सिबिल घसरेल, वगैरे सगळं डोक्यात आलं, पण घाम फुटला तो अण्णा येऊन रिकामं घर बघतील या विचाराने. भिशीतून पैसे उचलले आणि मोराचा गळा पूर्ण केला.

मोहाचे प्रसंग येतातच. जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते, पाळणे फिरतात, तिथे मुलीसमोर काटकसरीवर बोलून बघा. आणि सोलापूरकर पुण्याला रिकाम्या हाताने जाऊच शकत नाही. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसलेल्या कुणाचीही पिशवी उघडून बघा, शेंगाचटणी आणि कडक भाकरी निघणारच. जवळचं नातं असेल तर चादर. आमच्या पुण्याच्या नातेवाइकांकडे एवढ्या चादरी झाल्यात की त्यांनी आता दुकान काढावं.

हप्ते भरल्याबद्दल माझं कौतुक करणारा एक माणूस अखेर भेटला. फोनवर. "सर, तुमचं रिपेमेंट एक्सलंट आहे! एकही हप्ता चुकला नाही!" मला भरून आलं. बायकोला खुणेने बोलावलं, फोन स्पीकरवर टाकला. "म्हणून सर, तुमच्यासाठी 2 लाखांचं टॉप-अप, म्हणजे याच कर्जावर आणखी कर्ज, मंजूर आहे." बायकोने फोन बंद केला. तेव्हाही पेढे नाहीतच.

खरा पेच बोनस आला तेव्हा झाला. बारा हप्ते झाले होते. मी 30 हजार मुद्दलात भरायचे ठरवले. मुदतीआधी भरल्याबद्दल बँकेने शुल्क लावलं, शुल्कावर जीएसटी लावला, कारण लवकर पैसे परत करणं हाही एक प्रकारचा आगाऊपणाच. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "हप्ता कमी करायचा की मुदत?" मी मुदत म्हणालो. 30 हजारांत सात हप्ते उडाले. सात हप्ते म्हणजे जवळपास 49 हजार! उड्या मारत घरी आलो आणि सांगितलं. मुलगी रडायलाच लागली. सात चौकोन कमी म्हणजे मोराची शेपटी गेली. "बुचका मोर करून ठेवला तुम्ही!"

संध्याकाळी अण्णांना बोलावलं. त्यांनी मोजलं, पुटपुटले, खडू मागितला. "शेपूट कापायची नाही. ही सात घरं किनारीत टाका आणि किनार आजच रंगवा. पैसे दिलेत ना?" बँकेत कुणी एवढं सोपं करून सांगितलं नव्हतं.

मेव्हण्याचे 50 हजार दिवाळीत एकरकमी दिले. त्याचा चेहरा पडला. आता प्रत्येक कार्यात बोलायला दुसरा विषय कुठून आणायचा? पंधरवड्यात, रात्री दहालाच, त्याचा फोन आला.

"दाजी, सहजच केला. गाडी घ्यावी म्हणतोय. बँकवाला जामीनदार मागतोय. तुमचं सिबिल आता लई चांगलं झालंय म्हणे."

मी बायकोकडे पाहिलं. भाऊ तिचा आणि अर्थखातंही तिचंच. जामीन राहिलं की ते कर्ज आपल्याही सिबिलमध्ये दिसतं, हे तिनेच मला शिकवलेलं. तिने माझ्या हातातून फोन घेतला.

"बघतो म्हणतायत रे हे. सावकाश सांगतील. तुला काही घाई नाही ना?"