जंगल राखायला माणसं लागतात

"जंगलच आहे ना ते, त्याला माणसं कशाला लागतात?" परवा सिएटलच्या आपल्या मराठी ग्रुपवर फॉरेस्ट सर्व्हिसच्या, म्हणजे अमेरिकेतली सरकारी जंगलं सांभाळणाऱ्या खात्याच्या, नोकरकपातीचा विषय निघाला तेव्हा एकाने हे विचारलं. बऱ्याच जणांना मनातून असंच वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

काही जंगलं अगदी नैसर्गिक अवस्थेत राखून ठेवणाऱ्या विल्डरनेस अ‍ॅक्टवर ३ सप्टेंबर १९६४ ला सही झाली. त्याचा मसुदा लिहिणारे हॉवर्ड झानायझर त्याच वर्षी मे महिन्यात गेले, सही बघायला राहिले नाहीत. कायदा एकदम कडक आहे. रस्ता नाही, गाडी नाही, सायकलसुद्धा नाही, आणि ट्रेलवर झाड पडलं तर चेनसॉ (मशीनची करवत) पण नाही. दोन टोकांना दोघांनी धरून ओढायची लांबच्या लांब करवत घेऊन चालत जायचं. हे काम मी शेजारी उभं राहून बघितलंय. खोड वरून दाबलेलं असलं की करवत आत अडकते, मग कापता कापता फटीत पाचर ठोकत जावं लागतं, आणि ताण कुठल्या बाजूने आहे, खोड सुटलं की कुठे गडगडेल, हे नुसतं बघून ओळखण्यातच अर्धं काम असतं. हे पुस्तकात वाचून येत नाही, जुन्या माणसाबरोबर करूनच येतं.

आणि नेमकी हीच माणसं गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉरेस्ट सर्व्हिसमधल्या हजारो जणांना एका फटक्यात काढलं, का तर ते प्रोबेशनवर होते. प्रोबेशन म्हणजे सगळे नवखे असं नाही हो, कित्येक जण आधी अनेक सीझन तेच काम करून नुकते कुठे पर्मनंट जागेवर लागले होते. कोर्टकचेऱ्या होऊन बऱ्याच जणांना परत घेतलं, पण तोवर काहींनी दुसरं काम धरलं होतं, आणि राजीनामा द्या, काही महिने पगार चालू ठेवतो या ऑफरवर मुरलेली मंडळीही बाहेर पडली. मग जुलैत कृषिमंत्री ब्रुक रोलिन्स यांनी नऊ रीजनल ऑफिसं टप्प्याटप्प्याने बंद करायची योजना जाहीर केली, त्यात आपलं पोर्टलंडचंही आलं.

वरची ऑफिसं कमी करा, पैसा वाचवा, हे ऐकायला मला काहीच अडचण नाही. पण वाचलेला पैसा खाली ट्रेलवर येणार आहे का? २०१९ मध्ये कोलोरॅडोत वेमिनूच विल्डरनेसमध्ये किडीने मेलेली झाडं इतकी आडवी पडली की सरळ चेनसॉला परवानगी दिली होती, संघटना कोर्टात गेल्या तेव्हा ती मागे घेतली. माणसं कमी केली की काम तुंबतं, आणि काम तुंबलं की मशीन आणा म्हणतात. कायद्यातला एक शब्दही बदलावा लागत नाही.

आपल्याला जवळचं म्हणजे एन्चँटमेंट्स, आपल्या वॉशिंग्टन राज्यातला डोंगरातल्या तळ्यांचा विल्डरनेस भाग. तिथल्या परमिटच्या लॉटरीसाठी आपण सगळे दरवर्षी जीव टाकतो, पण ती फक्त रात्री राहणाऱ्यांसाठी, दिवसाच्या हाइकवाल्यांना मर्यादाच नाही. शनिवार-रविवारी कोकणकड्यावर तंबूंची जी गर्दी होते ती आठवा, म्हणजे कल्पना येईल. वर माउंटन गोट्स लघवीतल्या मिठासाठी माणसांच्या मागे येतात, आणि तुम्ही गवतावर लघवी केलीत तर ती ते गवत खुरांनी उकरून काढतात, म्हणून दगडावर जायचं असतं. कुत्रा आणायचा नाही, शेकोटी करायची नाही. पहिल्यांदा येणाऱ्याला हे सांगतो कोण, वरचे टॉयलेट बघतो कोण? रेंजर! त्या फेब्रुवारीत इथले काही रेंजरही काढले गेले. आस्गार्ड पासची खिंड चढून वर गेल्यावर दगडाआड टिशू पेपर दिसले की मला खरंच रडू येतं.

वॉशिंग्टन ट्रेल्स असोसिएशन या संस्थेच्या वर्क पार्टीला, म्हणजे ट्रेल दुरुस्तीच्या श्रमदानाला, जरूर या, हेल्मेट आणि हत्यारं तेच देतात. पण व्हॉलंटियर नियम मोडणाऱ्याला दंड करू शकत नाही, आणि मंगळवारी सकाळी वरचं टॉयलेट बघायला जात नाही. त्यामुळे ज्यांना इथे मत आहे त्यांनी आपल्या काँग्रेसमनच्या ऑफिसला फोन करा आणि बजेटमध्ये विल्डरनेस रेंजरच्या जागांसाठी पैसे आहेत का एवढंच विचारा. फोन उचलणारा पिनकोड विचारतो आणि लिहून घेतो, दोन मिनिटांचं काम आहे.