राजांनी किल्ला पाडला, चढ तसाच ठेवला

कड्यावरच्या गावाचे फोटो नेहमी समोरच्या टेकडीवरून काढलेले असतात. त्यात चढ दिसत नाही. दिसतात ती तपकिरी कौलांची उतरती छपरं, मधोमध चर्च आणि खाली वळण घेणारी हिरवी नदी. माणूस भुलतो आणि तिकीट काढतो.

फ्रान्सच्या नैऋत्येला लोत नदीच्या काठी असंच एक गाव आहे, सॅं-सीर-लापोपी. लिहिताना 'सीर'च्या शेवटी एक 'क्यू' असतो, तो बोलताना गिळायचा. २०१२मध्ये फ्रेंच लोकांनी टीव्हीवरच्या स्पर्धेत मतं देऊन याला आपलं सर्वांत आवडतं गाव ठरवलं. वस्ती दोनशेच्या आसपास, आणि ते नदीपासून शंभरेक मीटर उंच कड्याला चिकटलेलं. मध्ययुगात लापोपी, गुर्दों आणि कार्दायाक अशी तीन घराणी वरच्या किल्ल्यात वाटणी करून राहायची. फ्रान्सचा राजा अकरावा लुई याने १४७१मध्ये तो पाडायचा हुकूम काढला, उरलंसुरलं १५८०मध्ये नवारचा राजा आंरी याने उतरवलं. किल्ला गेला, पण शत्रूला दमवण्यासाठी जो चढ होता त्याला कुणी हात लावला नाही. तो आजही नेमून दिलेलं काम चोख करतो, फक्त शत्रू आता पर्यटक आहे.

पॅरिसच्या ओस्तरलित्झ स्टेशनवरून जवळच्या काओर शहराला थेट गाडी मिळते, पाच-साडेपाच तास लागतात. काओरहून गाव तीसेक किलोमीटर. बस आहे, पण ती नदीकाठच्या पुलापाशी सोडते आणि निघून जाते. परतीची वेळ उतरण्याआधी बघून ठेवा, कारण दिवसातल्या फेऱ्या बोटांवर मोजता येतात आणि रविवारी बोटंही कमी लागतात. पुलापासून वर गावापर्यंत घाटरस्ता. कारवाल्यांनी खिदळू नये. गावात गाडी नेता येत नाही, पार्किंगला पैसे पडतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी दहाच्या आत पोहोचला नाहीत तर जागा इतकी लांब मिळते की बसवाल्यांची दया यायची थांबते.

सामानाबद्दल एकच सांगतो: चाकांची बॅग नको. गल्ल्या चुनखडी दगडाच्या आहेत आणि शतकानुशतकं पावलं घासून त्या दगडांना साबणाच्या वडीसारखी झिलई आली आहे. कोरड्या दिवशी चाक फटीत अडकतं, ओल्या दिवशी बॅग मालकाच्या पुढे धावते. तीच गत बाबागाडीची. चपलेचा तळ रबरी आणि खाचांचा हवा. चामडी तळाचे बूट घालून उतरणारा माणूस पहिल्या दहा पावलांत भिंतीशी मैत्री करतो. जर्मनीत किंवा लंडनला स्थायिक झालेली आपली मंडळी आई-बाबांना हौसेने अशा गावात आणतात आणि मग गल्लीच्या तोंडाशी ठरलेला संवाद होतो. "आई, अजून थोडंच आहे." "तू पार्किंगपासून हेच म्हणतोयस." गुडघे कुरकुरत असतील तर वरच्या बाजूच्या पार्किंगला गाडी लावावी आणि गाव वरून खाली बघावं. परत चढायचं असतंच, पण निदान मन तयार झालेलं असतं. आणि प्रसाधनगृह पार्किंगपाशी दिसलं की जाऊन यावं. 'नंतर बघू' हे धोरण चुनखडीच्या पायऱ्यांवर महागात पडतं.

गल्लीतल्या घरांना तळमजल्याला टोकदार दगडी कमानी दिसतात. ही जुनी दुकानं. इथले कारागीर बॉक्सवुड नावाचं कठीण, बारीक पोताचं लाकूड लेथवर चढवून दारूच्या पिंपांच्या तोट्या बनवायचे. त्यांना 'रोबिनेतेर' म्हणत. मला हा धंदा फार आवडतो. आजूबाजूला काओरची काळसर लाल वाईन, जिच्यात किमान ७० टक्के माल्बेक द्राक्ष लागतं, आणि तिला वाट करून देणारी तोटी या गावची. सरदारांचा किल्ला गेला, तोटीवाल्यांच्या कमानी उभ्या आहेत. आत शिरताना आधी 'बोंजूर' म्हणायचं. न म्हणता थेट "हे केवढ्याला?" विचारलंत तर दुकानदार तुमच्याकडे असा बघतो की जणू तुम्ही त्याच्या देवघरात चपला घालून आलात.

आता जेवण. खरी कसोटी इथे आहे. स्वयंपाकघर बाराला उघडतं आणि साधारण दोनला बंद होतं. सव्वादोनला पोहोचलेल्या माणसाला 'शेफ गेले' एवढंच ऐकायला मिळतं. दुपारी दुकानाचं दार लावण्याचं पुणेकरांना कौतुक असतं, पण ते निदान घरी जेवलेले असतात. तेव्हा आधी जेवा, मग किल्ल्याचा खडक चढा.

शाकाहारी मंडळींनी विशेष लक्ष द्यावं. हा बदकांचा मुलूख आहे. मेन्यूवर साधे बटाटे दिसतात, लसूण-पार्सली घातलेले, कडेने खरपूस, वास असा की घरची काचऱ्यांची कढई आठवावी. ते बदकाच्या चरबीत परतलेले असतात. सॅलड म्हणजे पालापाचोळा असं समजून मागवलं तर त्यात अक्रोडांच्या आडोशाने बदकाची जठरं बसलेली असतात. कोमट बकरीच्या चीजचं सॅलड बरं, पण त्यावर डुकराच्या मांसाचे चौकोनी तुकडे भुरभुरतात, म्हणून मागवतानाच 'सां लार्दों' म्हणावं. चीजही दूध विरजताना प्राण्याच्या जठरातलं रेनेट वापरून केलेलं असू शकतं. कडक व्रताच्या लोकांनी उन्हाळ्यात इथलं केशरी गराचं खरबूज आणि पाव खावा. बाकीच्यांनी रोकामादूरचं चीज सोडू नये: ३५ ग्रॅमची चपटी टिकली, आत सायीसारखी मऊ. पाण्यासाठी 'कराफ दो' मागा, नळाचं पाणी फुकट येतं. नुसतं 'वॉटर' म्हटलंत तर बाटली येते आणि बिलातही तीच आधी दिसते.

काओरला बुधवारी आणि शनिवारी सकाळी कॅथेड्रलशेजारी बाजार भरतो. तिथून पाव, चीज, फळं पिशवीत टाकून आलं तर वरचा सगळा परिच्छेद विसरता येतो.

परिसर बघायचा तर बूझिएस गावापासून नदीकाठाने चालत या. चार-पाच किलोमीटर. वाटेत एका टप्प्यात कड्याच्या पोटातच वाट कोरली आहे, डोक्यावर दगड आणि बाजूला पाणी. मालाच्या होड्या दोरखंडाने ओढायला ती एकोणिसाव्या शतकात खोदली. उंच माणसाने टोपी आणि टाळू दोन्ही सांभाळावी. वाट अगदी सपाट, गाव येईपर्यंत. मग चढ.

जवळच काब्रेरेला पेश मेर्लची गुहा आहे, १९२२मध्ये सापडलेली, आदिमानवाने काढलेल्या ठिपकेदार घोड्यांच्या चित्रांची. लास्कोला अशाच प्रसिद्ध चित्रगुहेची पर्यटकांना नक्कल दाखवतात, इथे अस्सल चित्रं. म्हणून दिवसाला ७०० माणसंच सोडतात. उन्हाळ्यात तिकीट आधी काढलं नाही तर बाहेरूनच परत. आत बारा अंश, तेव्हा ऑगस्टमध्येही स्वेटर न्यावा. आणि हात खिशात ठेवावे. अतिवास्तववाद्यांचे म्होरके, फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतों १९५०मध्ये सॅं-सीरवर इतके भाळले की त्यांनी इथे घरच घेतलं. १९५२मध्ये गुहेतल्या चित्राबद्दल शंका आली म्हणून त्यांनी ते बोटाने घासून पाहिलं. प्रकरण कोर्टात गेलं, दंड झाला. वास्तवाच्या पलीकडे बघणाऱ्या माणसाला रंग ओला आहे का, हे तपासायचा मोह व्हावा!

परतीची बस खाली पुलापाशी येते, तेव्हा अर्धा तास हाताशी ठेवून निघा. उतारावर पाऊल आडवं टाका, पाऊस असेल तर दगड सोडून डांबरी रस्ता धरा. वाटेत कुणी ना कुणी घामाघूम होऊन वर येत असेलच. तो थांबेल, कमरेवर हात ठेवेल आणि अजून किती राहिलंय ते विचारेल. त्याला 'प्रेस्क' म्हणावं. म्हणजे 'आलंच की'. सिंहगडावरून उतरणारी माणसं चढणाऱ्यांना सांगतात, तेवढंच खरं.