सात-आठ पोरांसाठी मास्तर कशाला?

आज खानापुरात (कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातलं आपलं) एका साखरपुड्याला गेलो होतो. पंगतीत शेजारी बसलेले एक रिटायर्ड गृहस्थ जिलेबी मोडता मोडता म्हणाले, "जंगलातल्या त्या शाळा बंदच करून टाकायला पाहिजेत बघा. सात-आठ पोरांसाठी मास्तर कशाला? सरकारचा पैसा काय वर आलाय?" आजूबाजूच्या चौघांनी माना डोलावल्या. दुसऱ्याच्या कार्यात भांडण नको म्हणून गप्प जेवलो. पण घरी आल्यापासून डोकं ठणकतंय.

तालुक्याच्या पश्चिमेला भीमगड अभयारण्यात गवाळी, पास्टोली, कोंगळा, आमगाव, कृष्णापूर अशी आपली मराठी माणसांची गावं आहेत. पाऊस लागला, नाले भरले की त्यांची बेटं होतात. अलीकडे-पलीकडे जायला लाकडं-बांबू बांधून गावकऱ्यांनीच घातलेला साकव. तो वाहून गेला की संपलं. आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं, तिथं शाळेचं काय घेऊन बसलात!

माझ्या मावशीचं घर अशाच एका गावात. एकदा भर जुलैत तिकडं अडकलो होतो. नाल्याला पाणी, त्यामुळं बाई येणं शक्यच नव्हतं. सकाळी बघतो तर शेजारची चौथीतली पोरगी खुंटीवरची शाळेची किल्ली घेऊन निघाली. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. कुलूप काढलं, वर्ग झाडला, फळ्यावर तारीख घातली आणि बारकी पोरं ओळीत बसवून त्यांच्याकडून पाढे म्हणून घ्यायला लागली. एक बारका पोरगा भिजून कुडकुडत होता, त्याला चुलीपाशी बसवलं. मी दारात उभा. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, कामात होती!

त्या गृहस्थांना ही पोरगी दाखवायला पाहिजे होती.

2009 चा शिक्षण हक्क कायदाच आहे की! पाचवीपर्यंतच्या शाळेत 60 पोरांपर्यंत किमान 2 शिक्षक असले पाहिजेत, पोरं सात असोत नाहीतर सत्तावन्न. मग तिथं एकटी अतिथी शिक्षिका का? तीही तुटपुंज्या मानधनावर, रोज जंगलातून ये-जा करणारी. एक दिवस अस्वल आडवं आलं म्हणजे? तिच्यावर माझा राग नाही. पक्की नोकरीवाले बदली करून सटकतात, आणि ज्यांना पक्का पगार नाही त्यांनी नाला ओलांडायचा.

गंमत बघा. आधी मास्तर द्यायचा नाही. मग शहाणे आईबाप पोरांना खानापूर-बेळगावात पाहुण्यांकडं ठेवतात. मग पट कमी झाला म्हणून शाळाच बंद करायची. शाळा गेली की तरणी माणसं जातात, आणि म्हाताऱ्यांना विचारायचं, "आता तरी उठताय काय?" 2011 ला अभयारण्य झालं तेव्हापासून स्थलांतराचं टुमणं आहेच. नोटीस न देता गाव उठवायची ही चांगली युक्ती आहे.

बरं, मान्य. याच अभयारण्यातल्या तळेवाडीच्या काही कुटुंबांनी आपणहून प्रत्येकी 15 लाख घेऊन बाहेर पडायचं ठरवलं, त्यांना नावं ठेवणारा मी कोण? वाघाचं रान आहे, हेही मान्य. वसतिगृहात पोरं कदाचित जास्त शिकतील. पण सहा वर्षांच्या पोराला आईपासून तोडून? तुमच्या नातवाला पाठवाल?

इथल्याच बारापेडे गुहेतल्या वटवाघळांसाठी कुठकुठून अभ्यासक येतात. येऊ देत, दुर्मिळ जात आहे ती. त्याच रानातल्या पोरांसाठी मात्र पावसाळ्यात कुणी फिरकत नाही.

त्या पोरीचं सांगतो. पाचवी झाली. पुढची शाळा लांब, म्हणून तिला एका नातेवाइकांकडं ठेवलं. तिथं ती त्यांचं बाळ सांभाळते आणि जमेल तशी शाळेला जाते. हुशार आहे हो. त्या दिवशी पंधराचा पाढा चुकलेल्या पोराला तिनं मारलं नव्हतं, नुसतं परत पहिल्यापासून म्हणायला लावलं होतं... लिहितानाच गळा दाटतोय. असो.

मागणी फार मोठी नाही. पावसाळ्याचे चार महिने राहता येईल अशी शिक्षकांसाठी एक पक्की खोली गावातच बांधा. राहणाऱ्याला जादा भत्ता द्या. पोरं आणि बाई जातात त्या नाल्यांवर तरी लोखंडी साकव घाला. आणि पाचवीनंतर पोरींची राहायची सोय तालुक्यात सरकारनं करावी, पाहुण्यांच्या उपकारावर नको.

सोमवारी हा अर्ज घेऊन बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला जाणार आहे. एसडीएमसीची, म्हणजे गावच्या शाळा समितीची माणसं येतो म्हणालीत. तुमच्यापैकी कुणाला सही करायची असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. अर्ज कन्नडमध्येही करून घेतलाय, म्हणजे भाषेचं निमित्त काढून परत पाठवायला नको.