कूतचा पाडाव आणि घोड्याचे मांस : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) तैग्रिस नदीकाठच्या कूत गावी तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौजेला घातलेल्या वेढ्यावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल आभार. हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस खाण्यास नकार दिल्यामुळेच एप्रिल 1916 मध्ये त्या फौजेचे सेनापती जनरल टाउनशेंड यांना शरण जावे लागले आणि मी ते दडवून सारा दोष सरकारवर व सेनापतींवर टाकला, असा आपला मुख्य आक्षेप आहे. पगारासाठी परक्यांच्या लढाईत गेलेल्यांविषयी एवढा कळवळा कशासाठी, असेही आपण विचारता. आणि फ्रान्समधल्या सॉमच्या 1916 च्या प्रचंड लढाईच्या तुलनेत हे प्रकरण किरकोळ असल्याने त्यावरील परिच्छेद वगळावेत, असे सुचवता.

शिपायांनी नकार दिला होता, यात वाद नाही. टाउनशेंड यांनी हिंदुस्थानातून धर्मगुरूंची अनुमती तारेने मागवली, तरीही बहुतेक शिपाई एप्रिलच्या मध्यापर्यंत तयार झाले नाहीत. अखेरीस हुद्दे आणि बढती गमावण्याची ताकीद मिळाल्यावर बहुसंख्यांनी ते मांस खाल्ले. धर्मगुरूंची तार आली तरी गावचा पंच ती मानेलच याची खात्री शिपायाला नव्हती. घरी परतल्यावर जातीबाहेर पडण्याची आणि मुलींची लग्ने मोडण्याची भीती त्याला उपासमारीइतकीच खरी वाटत होती, आणि तिला नुसता हट्ट म्हणणे मला पटत नाही. त्यांनी आधीपासून मांस खाल्ले असते तर वेढ्यातील फौजेला आणखी काही काळ तग धरता आला असता, हेही मी मान्य करतो. पण तेवढ्याने कूत वाचले असते का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर डिसेंबर आणि जानेवारीतल्या घटनांत आहे.

बगदादजवळच्या टेसिफोनच्या लढाईनंतर माघार घेतलेली सहावी म्हणजेच पूना डिव्हिजन 3 डिसेंबर 1915 रोजी कूतमध्ये पोहोचली आणि चार दिवसांत वेढा पडला. ब्रिटिश सैनिकांना साधारण एक महिना आणि हिंदी सैनिकांना दोन महिने पुरेल एवढाच शिधा आहे, असे टाउनशेंड यांनी तेव्हा कळवले. गावात सुमारे 6,000 रहिवासी होते आणि त्यांच्या घरांत धान्य होते, पण त्याची झडती लगेच घेतली गेली नाही; जानेवारीचा उत्तरार्ध उजाडेपर्यंत शिध्यातही कपात झाली नाही. वेळ थोडा आहे या समजुतीपोटी जनरल एल्मर यांची मदतफौज अर्धवट तयारीनिशी, पुरेशा तोफा आणि डोलीवाले हाताशी नसताना पुढे ढकलली गेली. शेख साद, वादी आणि हन्ना या तीन लढायांत, एका महिन्याच्या आत, तिचे आठ हजारांहून अधिक लोक मारले गेले किंवा जखमी झाले. हन्नाचे जखमी तर रात्रभर थंडी-पावसात चिखलात पडून होते. हे सगळे झाल्यावर, जानेवारीच्या अखेरीस, घरोघर शोध घेऊन टाउनशेंड यांनी कळवले की अजून 84 दिवस निभावू शकेल. ही बातमी महिनाभर आधी गेली असती तर एल्मर यांना फौज जमवायला अवधी मिळाला असता. पुढे मार्च-एप्रिलमध्ये तैग्रिसला पूर आला, नदी आणि दलदल यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात सन्नाइयातचे तुर्की खंदक तीनदा हल्ला करूनही सर झाले नाहीत, आणि रसद घेऊन निघालेली जुलनार ही आगबोट 24 एप्रिलच्या रात्री तुर्कांच्या हाती पडली. घोड्याच्या मांसाने यातले काय बदलले असते?

शिवाय हिंदी शिपायांना झालेल्या स्कर्व्हीचे (‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाचे) खापर आपण त्यांच्याच नकारावर फोडता. पण कूतबाहेरच्या हिंदी पलटणींमध्येही, जिथे घोड्याच्या मांसाचा प्रश्नच नव्हता, 1916 मध्ये स्कर्व्ही मोठ्या प्रमाणावर पसरली होती, कारण हिंदी शिपायाचा ठरलेला शिधाच निकृष्ट होता. त्यात ताजी भाजी आणि मांस ब्रिटिश शिध्याच्या मानाने फार कमी होते. उलट कूतमध्ये पांढऱ्या पिठाच्या पावावर असलेल्या ब्रिटिश सैनिकांना बेरीबेरी (‘ब-1’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग) झाली आणि कणकेवर असलेले हिंदी शिपाई तिच्यापासून बव्हंशी वाचले. वेढ्यातले प्रमुख वैद्यकीय अधिकारी कर्नल हेहिर यांच्या निरीक्षणांतून हा फरक स्पष्ट दिसतो. ज्या शिध्याचे प्रमाण कचेरीत बसून ठरवले गेले, त्याचा दोष खाणाऱ्याकडे कसा जातो?

मुळात ही फौज 1914 च्या नोव्हेंबरात फाव येथे उतरली ती आबादानचा तेल कारखाना आणि इराणी आखातातले ब्रिटिश हितसंबंध राखण्यासाठी. बसरा घेतल्यावर ते काम बहुतांशी झाले होते. त्यानंतर एकेक सोपा विजय मिळत गेला, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या मोहिमेतले अपयश झाकायला बगदादसारखे नाव हवे होते, आणि ऑक्टोबर 1915 मध्ये लंडनहून पुढे जाण्याची मुभा मिळाली. टाउनशेंड यांनी स्वतः आपल्या शंका कळवल्या होत्या, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. वरिष्ठ सेनापती निक्सन यांनी त्या बाजूला सारल्या. रस्ता नाही, रेल्वे नाही, सारी भिस्त उथळ नदीतल्या बोटींवर, आणि त्या बोटी मुळातच अपुऱ्या.

त्या अपुरेपणाचा अर्थ काय होतो, हे टेसिफोनच्या जखमींना घेऊन बसऱ्याला आलेल्या मेजिदिये या बोटीवरून कळते. इंडियन मेडिकल सर्विसचे मेजर कार्टर यांना दुरून तिच्या कडांना दोरखंड लोंबत असल्यासारखे दिसले. जवळ आल्यावर ते वाळलेल्या विष्ठेचे ओघळ आहेत हे लक्षात आले. आमांशाने बेजार झालेले, हाडे मोडलेले लोक दिवसेंदिवस उघड्या डेकवर खेटून पडले होते. कार्टर यांनी तक्रार केली तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच अटकेची धमकी दिली. हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. या मोहिमेची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया आयोगाच्या 1917 च्या अहवालात ते छापले आहे, आणि त्याच अहवालानंतर भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. दोष कोणाकडे जातो, हे ब्रिटिश सरकारच्याच आयोगाने ठरवले होते.

सॉमविषयी एवढेच म्हणतो की तिथे मेलेल्यांमुळे इथले मरण हलके होत नाही. 29 एप्रिलला शरण गेलेल्या सुमारे 13,000 लोकांत तीन हजारांहून अधिक भिस्ती, डोलीवाले, खेचरवाले असे बिनलढाऊ हिंदी नोकर होते. साध्या ब्रिटिश सैनिकांपैकी सुमारे 2,600 कैद झाले आणि त्यांतले 1,700 हून अधिक वाळवंटातल्या पायपिटीत व छावण्यांत मेले. हिंदी कैद्यांपैकी अनेकांना आजच्या सीरियातील रास अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामावर राबवले गेले, आणि त्यांच्या मृत्यूंचा हिशेब तर धड ठेवलाच गेला नाही. टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावरील बंगल्यात सन्मानाने राहिले.

पगाराबद्दल आपण लिहिता ते खरे आहे : महिना 11 रुपये. कूतमध्ये 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या, आणि सातारा-रत्नागिरीकडच्या कोरडवाहू घरांत तेवढे 11 रुपये हीच रोकड असे. यात लाजिरवाणे काय आहे, ते मला कळत नाही. साम्राज्याचे धोरण त्यांनी ठरवले नव्हते; निक्सन यांच्याइतका निवडीचा अधिकार त्यांना असता तर आपला प्रश्न रास्त ठरला असता.

आता परिच्छेद वगळण्याविषयी. ज्यांची कबर माहीत नाही अशा 40,000 हून अधिक लोकांसाठी बसऱ्याला स्मारक उभारले, तेव्हा ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, पण साध्या हिंदी शिपायांची पलटणीगणिक फक्त संख्या दिली गेली. त्यांच्यावर लिहिलेले ते परिच्छेद मी काढणार नाही. उलट रास अल-ऐनच्या छावणीवर लेखात अवघ्या दोन ओळी आहेत, त्या अपुऱ्या आहेत असे आपली प्रतिक्रिया वाचताना जाणवले. तो भाग या आठवड्यात वाढवून लिहितो आहे. त्यावरही आपले मत अवश्य कळवावे.